दर सोमवारी नवा वाद

सरांकडे निघण्याआधी काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, फोन करायचा, हा आम्हा सात जणांचा शिरस्ता होता.

"काकू, या आठवड्यात काय चालू आहे?"

"उत्क्रांती," काकू स्वयंपाकघरातून सांगायच्या. "वेळेवर या, नाहीतर रानटी म्हणतील." किंवा, "प्रसार. चहा कुठल्या देशातून आला ते ऐकल्याशिवाय चहा मिळायचा नाही. काहीतरी खाऊन या बरं."

सर मानवशास्त्र शिकवायचे. माणसं जशी वागतात तशी का वागतात, याबद्दल आजवर शहाण्या लोकांनी जे जे सांगितलं, ते. बाकीचे मास्तर हे सिद्धांत एकापाठोपाठ एक सांगून मोकळे होतात. सर एक सिद्धांत सोमवारी अंगात घालत आणि शनिवारी उतरवत. मधले दिवस ते त्यातच जेवत, त्यातच झोपत, त्यातच भाजी आणायला जात. शनिवारी संध्याकाळी स्वतःच त्याच्या चिंध्या करत, आणि इतक्या तळमळीने करत की आम्हाला त्या सिद्धांताची दया यायची. रविवारी ते कशावरच विश्वास ठेवत नसत. त्या दिवशी काकू त्यांच्याकडून पंखे पुसून घेत.

मी हा विषय घेतला तो काही माणसांच्या ओढीने नाही. केंद्राची लोकसेवा परीक्षा दोनदा देऊन दोनदा आपटले होते आणि इंदूरच्या क्लासवाल्या भंवरकुआँच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर एकच ज्ञान मिळत होतं, "दीदी, एंथ्रो ले लो, सिलेबस छोटा है." म्हणून घेतला. झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर क्लास होता. पहिल्या दिवशी आम्ही चाळीस जण होतो. सर आले. सत्तरीला टेकलेले, बुटके, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं आणि एक टूथब्रश. (टूथब्रशचा खुलासा मला कधीच मिळाला नाही. काकूंनाही मिळालेला नव्हता.) त्यांनी आम्हाला खाली पाठवलं. समोरच्या टपरीवर अर्धा तास उभं राहायचं, जे दिसेल ते लिहायचं, पण 'कारण' हा शब्द वापरायचा नाही. एका मुलाने वैतागून एकच ओळ लिहिली, 'सर पागल आहेत.' सरांनी दहापैकी नऊ गुण दिले. म्हणाले, "निरीक्षण उत्तम आहे. पण हे खाली जाऊन कसं दिसलं? मी तर वर होतो. एक गुण त्याचा कापला."

दोन महिन्यांत चाळिसाचे सात झालो. क्लासच्या मालकाचं म्हणणं सरळ होतं. सगळ्या सिद्धांतांचा एक तक्ता करून द्या, सहा रकाने, गुण, दोष, फरक. पोरं पाठ करतील, पास होतील. सर म्हणाले, "तुलना करायची तर आधी दोघांच्याही घरी जेवावं लागतं. तक्त्यात कोणी जेवतं का?" मालकाने नमस्कार केला आणि सर घरी बसले. आम्ही सात जण त्यांच्या मागोमाग कृष्णपुऱ्याला, राजघराण्याच्या समाधी-छत्र्यांच्या पलीकडच्या त्यांच्या दोन खोल्यांत, चटईवर.

सर सगळ्यांना अहो-जाहो करायचे. त्यांच्याशी भांडून एखादा मुद्दा जिंकला तरच 'तू' व्हायचं. मला चार महिने लागले. ज्या दिवशी ते म्हणाले, "तू चुकतेस, पण नीट चुकतेस," त्या दिवशी मी राऊच्या घरापर्यंत स्कूटीवर गाणं म्हणत गेले.

उत्क्रांतिवादाच्या आठवड्यात त्यांना सगळीकडे पायऱ्या दिसायच्या. हाताने जेवणारा खालच्या पायरीवर, चमच्याने जेवणारा वरच्या, आणि जो जेवतानाही फोन बघतो तो बहुधा जिन्यावरून पडलेला. शनिवारी ते फळ्यावर शिडी काढायचे आणि ओरडून विचारायचे, "हिच्या सगळ्यात वरच्या पायरीवर कोण बसलंय? बोला! ज्याने शिडी काढली तोच! मोठा आला!" आणि ओल्या फडक्याने शिडी पुसून टाकायचे.

प्रसारवादाच्या आठवड्यात कुठलीच गोष्ट जिथे आहे तिथली नसायची. एकदा कचोरीवाल्यासमोर उभं राहून त्यांनी त्याला सांगितलं की, तुझा बटाटा समुद्रापलीकडचा, तुझी मिरचीही तिकडचीच. तो बिचारा झारा धरून थांबला. "फिर सरजी, हमारा क्या है इसमें?"

सरांनी खूप विचार केला. "भूख तो अपनीच है, भिया."

कार्यवादाच्या आठवड्यात समाजातल्या प्रत्येक गोष्टीला काही ना काही काम असतं, त्यामुळे घरातली एकही वस्तू टाकता यायची नाही. काकूंनी बंद पडलेला मिक्सर भंगारात द्यायला काढला की सर तो परत आत आणायचे. "याचं काम आपल्याला दिसत नाही, म्हणजे नाही असं नाही." काकू कमरेवर हात ठेवून उभ्या. "मग माझ्या रागाचं काम काय?" सर उत्साहाने म्हणाले, "घराचा तोल सांभाळणं!" काकू म्हणाल्या, "तोल सांभाळायला मी एकटीच का?" आणि मिक्सर भंगारवाल्याला देऊन आल्या. त्या शनिवारी कार्यवादाचे दोष सरांनी जरा लवकरच सुरू केले.

पण गल्लीला आठवतो तो संरचनावादाचा आठवडा. माणूस जगाची वाटणी जोड्यांत करतो, कच्चं आणि शिजलेलं, आतलं आणि बाहेरचं, आणि या दोन्हींत न बसणाऱ्या गोष्टीला घाबरतो, असं ते सांगत होते, तेवढ्यात खाली कचरागाडी आली. ओला कचरा हिरव्यात, सुका निळ्यात. सर नारळाची करवंटी घेऊन खाली गेले आणि गाडीवाल्याला विचारलं, ही ओली की सुकी? आत खोबऱ्याचा ओलावा आहे, बाहेर सुकी आहे. मग ही नेमकी कोण? मागे दोन रिक्षा आणि एक शाळेची व्हॅन अडकली, हॉर्न वाजायला लागले. गाडीवाला अत्यंत सभ्य होता. इंदूरचे सगळेच कचरागाडीवाले सभ्य असतात, आपल्याला कचरा समजत नाही एवढं ते जाणून असतात. तो म्हणाला, "सरजी, नारियल है. इसमें डालो." सर वर आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "बघितलंत? तो घाबरला नाही! सिद्धांताला धक्का आहे हा!"

तर अशा सरांना मी आमच्या घरचं कुलूप सांगितलं, ही माझी चूक म्हणा नाहीतर पुण्याई म्हणा.

आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, मध्ये बाळं, पुढे फराळ, सगळं चारचौघांसारखं. फक्त ज्येष्ठेच्या पायाशी एक लोखंडी कुलूप असतं. बंद, किल्ली नसलेलं, तळहाताएवढं. त्याला हळद-कुंकू वाहायचं, त्याच्यापुढे एक करंजी ठेवायची. का, ते कोणाला माहीत नाही. आजोबा-आजी गेल्यावर, आम्ही जुन्या भाड्याच्या घरातून राऊच्या फ्लॅटमध्ये आलो आणि काका महूला गेले. सामान हलवताना महालक्ष्म्यांचे मुखवटे बाबांच्या टेम्पोत चढले आणि कुलूप काकांच्या. बाबा म्हणाले, मुद्दाम नेलं. काका म्हणाले, चोर समजतोस का मला? त्यानंतर सहा वर्षं दोघं सख्खे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. बाबा दरवर्षी हार्डवेअरच्या दुकानातून नवं कुलूप आणायचे आणि आई दरवर्षी म्हणायची, "मला तर हे काही बरोबर नाही वाटत. पूजेत कंपनीचं स्टिकर दिसतं." महूला काका नवे मुखवटे आणून त्यांच्यापुढे खरं कुलूप ठेवायचे. इकडे खऱ्या देवी आणि खोटं कुलूप, तिकडे खरं कुलूप आणि खोट्या देवी. दिवाळीला मी काकांच्या पाया पडायला जायचे ती परत येताना रडत यायचे, कारण काका प्रत्येक वेळी फाटकापर्यंत येऊन विचारायचे, "दादाची शुगर कशी आहे?" आणि लगेच म्हणायचे, "मी विचारलं म्हणून सांगू नकोस."

सरांनी हे ऐकलं आणि चटईवरून उठून उभे राहिले. "सगळे माहितगार एका छपराखाली पाहिजेत. भोजनाच्या दिवशी. काकांचा नंबर दे."

"सर, काका येणार नाहीत."

"नंबर दे."

काका लष्कराच्या हिशेब कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांच्यासमोर 'सर्वेक्षण' हा शब्द उच्चारला की त्यांची पाठ आपोआप ताठ होते. सरांना हे मी सांगितलं नव्हतं, त्यांना ते फोनवर कळलं. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी बरोबर अकरा वाजता काका आमच्या दारात उभे राहिले, इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईच्या खोक्यात कुलूप. बाबांनी दार उघडलं.

"मी दादाकडे आलेलो नाही," काका माझ्याकडे बघून म्हणाले. "मी सर्वेक्षणाला आलोय."

"ज्याला सर्वेक्षण करायचंय त्याने चप्पल बाहेर काढावी," बाबा पंख्याकडे बघून म्हणाले.

सर आणि काकू आधीच आले होते. आत्याही आली होती. ही बाबा-काकांची थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, देवासला असते. ती स्वयंपाकघरात पाटावर बसून पुरण चाखत होती. सरांनी कॅलेंडरची फाटकी पानं उलटी करून मांडीवर घेतली आणि एकेकाला विचारायला सुरुवात केली. कुलूप कशासाठी?

बाबा म्हणाले, लक्ष्मी चंचल असते, जाऊ नये म्हणून कुलूप. सोपं आहे. काका म्हणाले, चूक. आपले पूर्वज संस्थानी अमदानीत खजिन्यावर होते, हे खजिन्याचं कुलूप आहे, मानाचं आहे. (आमचे पूर्वज खजिन्यावर होते याला काकांखेरीज पुरावा नाही.) आई पोळी लाटता लाटता दारात येऊन म्हणाली, "छे हो, हे सासूबाईंच्या माहेराहून आलंय. त्यांच्याकडे असलं पुष्कळ होतं." मग मीही माझं ठोकून दिलं. देवी येते आणि जाते, दार उघडतं आणि बंद होतं, कुलूप हे आत आणि बाहेर यांच्यामधलं चिन्ह आहे. सर आनंदाने लालबुंद झाले होते. एका खोलीत चार सिद्धांत, आणि प्रत्येकाला बाकीचे तिघं मूर्ख वाटतायत. कॅलेंडरचा श्रावण संपून ते भाद्रपदावर लिहायला लागले. बाबा आणि काका आता एकमेकांशी बोलत नसले तरी एकमेकांच्या सिद्धांतांशी मोठमोठ्याने बोलत होते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हसू आलं. आधी आत्याचं, खी खी करून, लहान मुलीसारखं. मग काकूंचं.

झालं होतं असं. काकू आत्याशेजारी बसून नारळ खवत होत्या. बाहेरचा गोंधळ ऐकून त्यांनी सहज विचारलं, "आत्याबाई, पण त्याची किल्ली कुठाय?"

सहा वर्षांत, आणि त्याआधीच्या साठेक वर्षांत, किल्लीबद्दल कोणी विचारलंच नव्हतं.

काकूंनी आत्याला हाताला धरून बाहेर आणलं. "आता इथे सांगा, मला सांगितलं तेच."

आत्या सोफ्यावर टेकली. पदराने तोंड झाकून हसली, मग दोन्ही भावांकडे बघून एकदम गंभीर झाली. "ओरडायचं नाही."

"ताई, तुला कोण ओरडणार?" काका म्हणाले.

"मी नऊ वर्षांची होते. कोठीच्या खोलीचं कुलूप होतं ते. लोणच्याच्या बरण्या असायच्या आत. मी खेळता खेळता किल्ली हरवली. आई मारेल म्हणून कुलूप देवीच्या पायाशी लपवलं आणि म्हटलं, बाई, किल्ली शोधून दे. सकाळी आईने पाहिलं. तिला वाटलं सासूने ठेवलं, तर तिने हळद-कुंकू वाहिलं. मग आजीने पाहिलं. तिला वाटलं, सुनेच्या माहेरची रीत असेल, तर तिने फूल वाहिलं. विचारणार कोण? सासू-सुना बोलायच्या कुठे तेव्हा! मी आपली गप्प. पुढच्या वर्षी आजीनेच विचारलं, कुलूप कुठाय, कुलूप आणा. आता मी काय सांगणार होते?"

आत कुकरची शिट्टी झाली.

"लोणच्याचं?" काका म्हणाले.

"कैरीच्या."

"मी सहा वर्षं रोज सकाळी..." काकांनी मिठाईच्या खोक्याकडे बोट केलं.

"तू रोज सकाळी," बाबा म्हणाले, सहा वर्षांत पहिल्यांदा थेट त्यांच्याकडे बघून. "मी दरवर्षी दुकानात जायचो. तो विचारायचा, अंकल, दरवाजा कितना बड़ा है? काय सांगू त्याला?"

काका आधी हसले की बाबा, ते मला आता आठवत नाही. बाबांना ठसका लागला आणि काका त्यांची पाठ चोळायला लागले. पाठ चोळता चोळता हसू थांबलं, पण हात चालूच राहिला. आईने डोळे पुसले आणि रागावून म्हणाली, "चला आता, पुरण गार होतंय."

सगळे सरांचं अभिनंदन करायला लागले. सर मात्र खिन्न बसले होते. "कुठून आलं ते कळलं," ते म्हणाले. "पण एवढी वर्षं टिकलं कसं? ते कुठे कळलं?"

"मग आता काढून टाकायचं का?" आईने भीत भीत विचारलं.

"काढून तर बघ!" आत्या कडाडली. मग उठली, मिठाईच्या खोक्यातून कुलूप काढलं आणि ज्येष्ठेच्या पायाशी स्वतःच्या हाताने ठेवलं. सर ते टक लावून बघत राहिले. लिहिलं मात्र काही नाही.

जेवणं झाली, विडे झाले. बाबा आता खुशीत होते. म्हणाले, "सर, तुम्ही या कामासाठी किती गावं पालथी घातली असतील नाही?"

सरांचा विडा गालातच राहिला. काकू बडीशेप निवडत शांतपणे म्हणाल्या, "हे धारच्या पलीकडे गेलेले नाहीत. मोटार लागते."

सर उठून बाल्कनीत गेले. थोड्या वेळाने मी पाण्याचा ग्लास घेऊन गेले. ते खाली पार्किंगकडे बघत होते. "पंचविशीत निघालो होतो," ते म्हणाले. "झाबुआच्या एका गावात वर्षभर राहायचं ठरलं होतं. धार यायच्या आधीच कंडक्टरने उतरवलं. पुढच्या सीटवरच्या बाईंची साडी... जाऊ दे. दोन दिवस चालत परत आलो. मग संग्रहालयाच्या कचेरीत चिकटलो. जे लोक जाऊन आले, त्यांनी लिहिलेलं वाचत बसलो." घोटभर पाणी प्याले. "पोटात काही टिकत नव्हतं म्हणून डोक्यात भरलं. बाकी काही नाही."

मला हसू आलं नाही. ते मला तिथे पहिल्यांदाच म्हातारे वाटले.

केंद्राच्या परीक्षेत मी तिसऱ्यांदा आपटले. राज्याच्या एका खात्यात मात्र लागले आणि पोस्टिंग मिळालं ते झाबुआकडचंच. डोंगरावर विखुरलेल्या वस्त्या, एकेका वस्तीत आठ-दहा घरं. मुलांची वजनं करायला मी महिन्यातून दोनदा जायचे. तिथे एक माई होती, वस्तीतली सगळ्यात म्हातारी भिल्ल बाई, जिच्या परवानगीशिवाय कोंबडंही आरवत नसावं. दुसऱ्या वर्षी मी सरांना फोन केला. म्हटलं, गाडी पाठवते. पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेल्याची खडखड झाली. मग काकूंचा आवाज आला, "आम्ही येतो. आलेपाक करून ठेवते."

दीडशे किलोमीटरला सात तास लागले. काकूंचा बंदोबस्त लष्करी होता. सर पुढच्या सीटवर, मांडीवर पिशव्यांची चळत, हातात कापलेलं लिंबू, दर दहा किलोमीटरला थांबा. सर आले ते हिरवट पांढरे, पण कोरे. खिशात नवी वही होती. तिच्यात त्यांनी विचारायचे शेहेचाळीस प्रश्न लिहून आणले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना माईच्या अंगणात नेलं. खाटेवर सर आणि काकू, समोर जमिनीवर माई, भोवती निम्मी वस्ती. सरांनी वही उघडली. माई भिलीत बोलायची, मी मोडकंतोडकं सांगायचे.

सरांनी घसा साफ केला, तेवढ्यात माईने विचारलं, "जेवलास?"

"हो."

"काय?"

सरांनी सांगितलं. "ही तुझी बायको?" हो. "हिच्यासाठी हिच्या बापाला काय दिलंस?"

तिकडे नवऱ्याकडचे मुलीच्या बापाला देतात. सरांना हे पुस्तकातून तोंडपाठ होतं, परीक्षेत ते आम्हाला हाच प्रश्न घालायचे. पण आता ते गडबडले. "काहीच नाही," ते म्हणाले. "उलट त्यांनीच मला घड्याळ दिलं. आणि सफारीचं कापड."

मी सांगितलं. माईने ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग तिने शेजारच्या घरांना हाक मारली. या रे या, ऐका, या माणसाला बाई फुकट मिळाली आणि वर घड्याळ! उरलेली निम्मी वस्तीही आली. अंगणात चर्चा सुरू झाली. एक म्हातारा म्हणाला, पूर्वी हे लोकही आपल्यासारखेच शहाणे असतील, मग विसरत गेले असतील. दुसरी म्हणाली, नाही, मोठ्या शहरातल्यांचं बघून शिकले. तिसरा म्हणाला, त्यांच्यात बायका काम करत नसतील, म्हणून बाप वर घड्याळ देऊन घालवतो. यावर काकू काही बोलणार होत्या, पण सरांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे चमकत होते.

"ऐकलंस? उत्क्रांती! पण उलटी!"

"उलटी?" काकू दचकल्या. "पिशवी देऊ?"

दोन तास सर उत्तरंच देत होते. शेहेचाळिसातला एकही प्रश्न विचारायची संधी त्यांना मिळाली नाही. शेवटी माई काकूंकडे वळली. "बापाने तुला फुकट दिली. तू कशी तयार झालीस?"

काकू हसत होत्या, त्या हसतच म्हणाल्या, "मला कोणी विचारलंच नव्हतं."

मी ते सांगितलं तेव्हा अंगणात कोणी हसलं नाही. माई सरांकडे बघत राहिली. सरांनी वही मिटली. थोडा वेळ खाटेची दोरी बोटाने ओढत बसले. मग सगळ्या वस्तीदेखत बायकोकडे वळून म्हणाले, "तुझी हरकत होती का?"

चाळीस-एक वर्षांच्या संसारानंतर त्यांनी हा प्रश्न विचारला.

काकूंनी पदर सारखा केला. "विचार करून सांगते," त्या म्हणाल्या.

माईला हे उत्तर फार आवडलं. तिने काकूंना एक कोंबडी देऊ केली. काकूंनी हात जोडून ती तिच्याकडेच सांभाळायला ठेवली.

परतीच्या प्रवासात सुट्टी होती म्हणून मीही गाडीत होते. सर पुढे बसले होते आणि दर पाच मिनिटांनी मागे वळून बघत होते. काकू खिडकीतून बाहेर बघत भाजलेलं कणीस खात होत्या. धार गेलं, घाट गेला. कुठे थांबायची गरज पडली नाही. चार तासांत कृष्णपुऱ्याला पोचलो. काकू उतरल्या, "चहा टाकते" म्हणाल्या आणि आत गेल्या. सर गाडीपाशी घोटाळले.

"याचा अर्थ हो की नाही?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"मला काय माहीत, सर. आत जाऊन विचारा."

ते गेले. वही सीटवरच राहिली होती, ती माझ्या लक्षात आली राऊला पोचल्यावर. मला वाटलं, रात्रीच फोन येईल. आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी काकूंचा फोन आला.

"ह्यांची वही तुझ्याकडे राहिलीय का गं?"

"हो काकू. आजच आणून देते."

"चार दिवस झाले, सकाळी उठल्यापासून मला प्रश्न विचारतायत. लहानपणी मी कुठल्या विहिरीवर जायचे, शाळा का सुटली, मला गोड आवडतं की आंबट. आंबट आवडतं म्हटलं तर केवढे चकित झाले!"

"कंटाळलात का हो? लगेच निघते मी."

"नाही गं," काकू म्हणाल्या. "सावकाश आण."